तुम्ही विचारलंत म्हणून: शिकागोत अस्सल मेक्सिकन कुठे खायचं?

मंडळाच्या गणपतीत, हातात प्रसादाची वाटी असतानाच कुणीतरी गाठतं. "इतकी वर्षं शिकागोत आहात, चांगलं अस्सल मेक्सिकन कुठे मिळतं सांगा ना." विचारणारे बहुतेक नेपरव्हिल किंवा शॉमबर्ग या उपनगरांतले, नुकते आलेले. पत्ता द्यायला माझी ना नाही, पण आधी मीच विचारते: मेक्सिकोतलं कुठलं?

टाको, बरीटो, एन्चिलाडा, फाहिता असं सगळं एकाच लांबलचक मेनूत कोंबणाऱ्या हॉटेलात शेवटी चव लागते ती एकच, वितळलेल्या पिवळ्या चीजची. टेक्स-मेक्सला, म्हणजे या टेक्सासी वळणाच्या मेक्सिकनला, मी नावं ठेवत नाही. टेक्सासातल्या लोकांचं ते पिढ्यान्‌पिढ्यांचं जेवण आहे. आणि सोवळं पाळायचं तरी किती? नाचोज १९४०च्या दशकात जन्मले ते सीमेपलीकडच्या पिएद्रास नेग्रास या मेक्सिकन गावात, तेही सीमा ओलांडून आलेल्या अमेरिकन बायकांसाठी. टाकोस अल पास्तोरचं मांस ज्या उभ्या सळईवर फिरतं, ती लेबनॉनहून आलेल्या लोकांच्या शावर्म्याची. त्यामुळे 'अस्सल' शोधण्यापेक्षा हॉटेलवाल्याचं राज्य कुठलं ते शोधावं. शिकागोतले बरेच मेक्सिकन मिचोआकान, हालिस्को आणि गेरेरोचे. त्यांच्या गावाकडचं जे आहे, ते इथे उत्तम मिळतं.

मिचोआकानचा मान कार्नितासचा. डुकराचं मांस मोठ्या कढईत चरबीतच मंद शिजवायचं आणि वजनावर विकायचं. पिल्सेन भागात १८व्या रस्त्यावर 'कार्नितास उरुआपान' आहे. उरुआपान हे मिचोआकानमधलंच शहर. पोर्क चालत असेल तर सुरुवात इथून करा. पाउंडावर घ्या, सगळ्या भागांचं मिश्र मागा. नुसतं बिनचरबीचं मागितलंत तर निम्मी गंमत गेली.

पोर्क न खाणाऱ्यांना मी थेट पुलास्की रोडवरच्या 'बिर्रियेरिया सारागोसा'कडे पाठवते. हालिस्कोची बिर्रिया म्हणजे बकऱ्याचं मटण. इथे ते आधी वाफेवर शिजवतात, मग मिरचीचा मसाला चोपडून भाजतात. सोबत टोमॅटोचा पातळ रस्सा, कांदा, कोथिंबीर, लिंबू. कोल्हापूरकरांनी पहिल्या घोटाला तांबड्या रश्शाची आठवण काढावी, पण तिखटाची अपेक्षा ठेवू नये. मेक्सिकन स्वयंपाकात सुक्या मिरच्या नुसत्या जाळासाठी नसतात, त्या रंग, गोडवा आणि धुरकटपणा देतात. जाळ हवा असेल तर टेबलावरची साल्सा तुमचीच आहे.

आता नवं हॉटेल पारखायचं कसं? मी आधी टॉर्टियाकडे, म्हणजे टाकोच्या पातळ पोळीकडे बघते. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर भिजवून, धुऊन वाटला की जो गोळा होतो तो 'मासा'. चुन्याने मक्याचं साल सुटतं, पीठ चिकटून येतं आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपने मका नेला, ही रीत नेली नाही, आणि निव्वळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा हा नायसिनच्या अभावाचा रोग झाला. गरम टॉर्टिया नाकाशी धरा. चुन्याचा आणि भाजक्या मक्याचा वास आलाच पाहिजे. टाकोला मात्र गव्हाची टॉर्टिया दिली म्हणून लगेच नाक मुरडू नका. सोनोरासारख्या उत्तरेकडच्या राज्यांत गव्हाचीच चालते.

दुसरी खूण: मेनूच्या कोपऱ्यात 'फक्त शनिवार-रविवार' असं लिहून मेनुदो (गोमांसाच्या वजडीचा रस्सा), बार्बाकोआ (मंद शिजवलेलं मांस) किंवा पोसोले (मक्याच्या टपोऱ्या दाण्यांचा मांसाचा रस्सा) दिलेलं असणं. वेळखाऊ कामं आहेत ही, रोज कोण करणार?

शाकाहारी मंडळींना मी खोटा दिलासा देत नाही. राजमासारख्या दिसणाऱ्या त्या घोटलेल्या बीन्समध्ये पुष्कळदा डुकराची चरबी असते, लालसर भात कोंबडीच्या पाण्यात शिजलेला असू शकतो, मक्याच्या पानात वाफवलेल्या तामालेच्या पिठातही चरबी फेटतात. ऑर्डर देताना 'मान्तेका (म्हणजे ही चरबी) आहे का?' एवढं विचाराच. मागवायचं तर भोपळ्याच्या फुलांची केसादिया (चीज भरून दुमडलेली टॉर्टिया), पोब्लानो मिरचीच्या पट्ट्या म्हणजे राहास, निवडुंगाची कोवळी पानं म्हणजे नोपालेस. आणि मिळालंच तर वित्लाकोचे, मक्याच्या कणसावर वाढणारी काळी बुरशी. दिसायला भयंकर, चवीला थेट अळंबीच्या घराण्यातली.

नेपरव्हिलकरांनी तर दरवेळी शहरात जायचं कारण नाही. शेजारच्या ऑरोरात मेक्सिकन वस्ती मोठी आहे. तिथल्या मेक्सिकन किराणा दुकानात शिरा आणि मागच्या बाजूला टाकोचं काउंटर आहे का बघा. मांस त्याच दुकानाच्या खाटकाकडचं, कोथिंबीर ताजी, गिऱ्हाईक बांधकामावरून जेवायला आलेलं. रविवारी सकाळी जा आणि रोख पैसे जवळ ठेवा. दुपारी दोनला पोचलात तर कार्नितास संपलेले असतील, मग मला फोन करू नका.