काळी पडलेली पूड: आमची वाटचाल

आमची सुरुवात हिरड्याच्या चूर्णापासून झाली. मी, माझी पत्नी, एक जुनं दळणयंत्र आणि फळं वाळवायला ताडपत्र्या, एवढंच भांडवल. पहिल्या मोठ्या ऑर्डरचा माल पंधरा दिवसांत परत आला. चूर्ण पाण्यात टाकलं की निळंकाळं होतं, अशी तक्रार. पेलाभर पाण्यात चमचाभर टाकून पाहिलं, तर खरंच शाई!

दोष फळाचा नव्हता, आमच्या लोखंडी पात्यांचा होता. हिरड्याच्या वाळलेल्या गरात टॅनिन, म्हणजे फळाला तुरटपणा देणारं द्रव्य, तीस टक्क्यांच्या आसपास असतं. ते लोखंडाशी संयोग पावलं की काळं पडतं. पूर्वी शाई करायला हाच गुण वापरत, आणि टॅनिनमुळेच हिरडा कातडं कमावायलाही लागे. आम्ही फळं पूर्ण वाळायच्या आत दळत होतो, म्हणजे ओल आणि लोखंड दोन्ही हजर. त्याच महिन्यात स्टीलचं यंत्र घेतलं, कर्ज काढून.

मग या फळात नेमकं आहे तरी काय, हे समजून घ्यायची ओढ लागली. चेब्युलॅजिक आम्ल, चेब्युलिनिक आम्ल, गॅलिक, एलॅजिक, कोरिलाजिन ही फळातल्या संयुगांची नावं तेव्हा तोंडपाठ झाली. नमुना प्रयोगशाळेत नेला, तिथला प्रयोग अजून डोळ्यांसमोर आहे. डीपीपीएच हे चाचणीचं रसायन म्हणजे मुक्त मूलक, जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेला रेणू; त्याचं द्रावण गर्द जांभळं असतं. त्यात आमच्या अर्काचे थेंब पडले आणि ते हळूहळू पिवळं होत गेलं. अर्कातल्या फिनॉलिक संयुगांनी (टॅनिनं त्यांतलीच) या मुक्त मूलकांना शांत केलं की हा रंग उतरतो. किती उतरला ते ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजतात. आम्ही दोघं त्या नळीकडे बघतच राहिलो.

पुढे अर्क विकायचं ठरवलं. तो दाट व्हावा म्हणून तासन् तास उकळत बसायचो. ती चूकच होती. चेब्युलॅजिकसारखी मोठी संयुगं पाण्यात फार वेळ तापवली की तुटतात आणि गॅलिक, एलॅजिक आम्लं सुटी होतात. अर्क दाट दिसतो, पण त्यातला ऐवज बदललेला असतो. आता कमी तापमान, निर्वाताखाली आटवणं आणि प्रत्येक घाण्याची तपासणी.

कोवळा बाळहिरडा आणि पक्व सुरवारी हिरडा आम्ही कधीच मिसळत नाही. फळ पिकत जातं तसं त्यातल्या संयुगांचं प्रमाण बदलतं, त्यामुळे दोन्हींचे आकडे वेगळे येतात. बीही काढून टाकतो, कारण टॅनिनचा भर गरात असतो.

एका विक्रेत्याने पाकिटावर ‘शरीरातली सगळी विषं काढतं’ असं छापा म्हणून आग्रह धरला. आम्ही नाही म्हटलं आणि तो ग्राहक गेला. नळीत रंग उतरला म्हणजे माणसाच्या शरीरात तसंच घडतं असं नाही. ही टॅनिनं आतड्यात फारच कमी शोषली जातात. एलॅजिक आम्लाचं रूप तिथले जीवाणू बदलतात, त्यातून युरोलिथिनं नावाची संयुगं तयार होतात, आणि तेही प्रत्येकात सारखं होत नाही. आज पाकिटावर फळाचा प्रकार, दळल्याची तारीख आणि टॅनिनचं मोजलेलं प्रमाण असतं. पुढचं यंत्र गर आणि बी वेगळं करणारं घ्यायचं आहे, तोवर ते काम हातानेच चालू आहे.