तळ्यातलं शेवाळ समुद्राच्या तळाशी कसं?

"समुद्राच्या गाळात गोड्या पाण्यातलं शेवाळ सापडतं म्हणता, मग तिथे पूर्वी तळं होतं का?" समुद्रतळाचा गाळ तपासणं हे माझं काम आहे असं कळलं की हा प्रश्न हमखास येतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

नव्हतं. तळं होतं ते दूर जमिनीवर, आणि बऱ्याचदा ते आटलं म्हणूनच त्यातलं शेवाळ समुद्रापर्यंत पोचलं.

जानेवारी १८३२ मध्ये 'बीगल' जहाज पश्चिम आफ्रिकेसमोरच्या केप व्हर्ड बेटांपाशी आलं तेव्हा हवा धुळीने भरली होती. डोलकाठीच्या टोकाशी फडफडणाऱ्या जाळीदार कापडात अडकलेली तपकिरी धूळ डार्विनने पुडीत बांधून ठेवली. पुढे अशा पाच पुड्या त्याने जर्मनीत एरेनबर्ग या सूक्ष्मजीवांच्या अभ्यासकाकडे पाठवल्या. त्यांत ६७ प्रकारचे सूक्ष्म अवशेष निघाले. त्यातले सिलिकाच्या, म्हणजे काचेसारख्या पदार्थाच्या, कवचाचे जीव, दोन जाती सोडता, सगळे गोड्या पाण्यातले! भर समुद्रात, वाऱ्यावर! हे वाचलं की आजही माझ्या अंगावर काटा येतो.

कारण तीच कवचं मला सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. डायटम हे एकपेशी शेवाळ. त्याचं कवच म्हणजे झाकणाची काचेची डबी. त्यातला ऑलॅकोसायरा (जुन्या पुस्तकांत मेलोसायरा) लांबट नळकांड्यांची साखळी करून तळ्यात तरंगतो. कवच जाड असतं, म्हणून नाजूक जाती समुद्राच्या पाण्यात विरघळून गेल्या तरी हा टिकतो.

आता आफ्रिकेतल्या चाड देशाकडे पाहा. सहा-सात हजार वर्षांपूर्वी सहारा हिरवा होता तेव्हा तिथे अख्ख्या महाराष्ट्राहून मोठं सरोवर होतं. पाऊस हटला, सरोवर आक्रसलं, आणि बोदेले नावाच्या खोलगट भागात डायटमच्या कवचांचे पांढरे थर उघडे पडले. तिबेस्ती आणि एनेदी या डोंगरांच्या मधून घुसणारा वारा हिवाळ्यात ते थर अक्षरशः खरवडून उचलतो. त्यातली काही धूळ अटलांटिकवर जाऊन पडते.

म्हणून पश्चिम आफ्रिकेसमोरच्या गाभ्यात, म्हणजे तळात नळी खुपसून काढलेल्या गाळाच्या उभ्या कांडीत, ऑलॅकोसायरा वाढला की तिकडे जमीन कोरडी पडत होती असं आम्ही वाचतो. पण नुसता दुष्काळ पुरत नाही. आधी तळी भरलेली हवीत, त्यांत शेवाळ माजलेलं हवं, मग ती आटायला हवीत. त्यामुळे हा डायटम ओल्या काळाकडून कोरड्या काळाकडे जातानाचा बदल विशेष चांगला दाखवतो. मला याचं मोल फार वाटतं. असे टप्पे गाळात सहजी हाती लागत नाहीत.

गफलतही होते. नद्याही गोड्या पाण्यातलं शेवाळ समुद्रात आणतात. पेडियास्ट्रम हे चकतीसारखं हिरवं शेवाळ गाळात परागकणांसोबत मुबलक दिसलं, तर मी आधी नदीचा विचार करते. नदीमुखापाशी साठलेला गाळ उतारावरून घसरत खोल समुद्रात दूरवर पसरतो. तसं असेल तर वारा आणि दुष्काळ यांची सगळी गोष्टच चुकते. म्हणून असा अभ्यास करताना गाभा सपाट तळावरून न घेता समुद्राखालच्या उंचवट्याच्या माथ्यावरून घेतलेला बरा. तळालगत वाहत येणारा गाळ तिथवर चढत नाही.