जिनिव्हात तयार झालेले पान मुंबईत उघडताना

वेबचे काम शिकणाऱ्या मुलांना सतत सतावणारा प्रश्न म्हणजे आता नेमके काय शिकायचे. डोंबिवलीला राहणारी, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेली माझी मावसबहीण फोनवर हेच विचारते, "ताई, मी रिअ‍ॅक्ट शिकेपर्यंत ते जुनं तर होणार नाही ना?" तिची धास्ती समजण्यासारखी आहे. २००६ मध्ये जेक्वेरी आले, २०१० मध्ये अँग्युलरजेएस, २०१३ मध्ये रिअ‍ॅक्ट (ही सगळी जावास्क्रिप्ट या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या भाषेत वेबपाने बनवायची साधने); आणि एके काळी वेबवरच्या खेळांसाठी व चलच्चित्रांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या फ्लॅशला २०२० च्या अखेरीस पूर्णविराम मिळाला. जिनिव्हात नोकरी करताना आणि सुट्टीत मुंबईला येऊन-जाऊन माझे मत मात्र पक्के होत गेले आहे, की आधी वेबचा सर्वांत जुना भाग, म्हणजे पान ज्यात लिहिले जाते ते एचटीएमएल, नीट शिकावा, कारण बाकी सगळे त्याच्याच आधाराने चालते.

जिनिव्हातून अठरा क्रमांकाची ट्राम थेट सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेच्या दारात नेऊन सोडते. आवारात भारत सरकारने २००४ मध्ये भेट दिलेली नटराजाची मूर्ती आहे, आणि आपल्याकडून गेलेल्या माणसाची पावले तिथे थबकतातच. टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये याच प्रयोगशाळेत वेबचा पहिला प्रस्ताव मांडला. ज्या नेक्स्ट संगणकावर पहिला सर्व्हर, म्हणजे मागणीनुसार पाने पुरवणारी यंत्रणा, चालला, त्याच्यावर हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका, अशी हाताने लिहिलेली चिठ्ठी डकवलेली होती. पुढे ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ही सगळी प्रणाली कोणतेही शुल्क न घेता जगासाठी खुली केली. माझ्या दृष्टीने वेबच्या इतिहासातला सर्वांत मोठा निर्णय तोच. पहिल्या संकेतस्थळाची पाने सर्नने २०१३ मध्ये मूळ पत्त्यावर पुन्हा उपलब्ध केली असून ती आजच्या कोणत्याही फोनवर उघडतात: पांढऱ्यावर काळा मजकूर आणि ठिकठिकाणी दुवे, एवढेच.

युरोपातल्या कार्यालयात सर्व्हर जवळ असतो, जोडणी वेगवान असते आणि हातातला संगणक महागडा असतो, त्यामुळे पानाचे वजन तिथे जाणवतच नाही. तेच पान मुंबईत संध्याकाळच्या कल्याण लोकलमध्ये, डब्यात उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या हातात फोन असताना, साध्या अँड्रॉइडवर उघडायला गेले की बराच वेळ पडदा कोराच राहतो. याची कारणे शिकण्यासारखी आहेत. जिनिव्हा ते मुंबई सरळ अंतर साडेसहा हजार किलोमीटरहून अधिक आहे आणि काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे एका मागणीला उत्तर मिळायला निदान ६५ मिलिसेकंद लागणारच. प्रत्यक्षात जास्त लागतात, कारण सी-मी-वी-४ सारख्या समुद्री केबल मुंबईहून अरबी समुद्र, तांबडा समुद्र, इजिप्त आणि भूमध्य समुद्र असा वळसा घेत फ्रान्समधल्या मार्सेला पोहोचतात. त्यातही जोडणी झाल्यावर सर्व्हर पहिल्या फेरीत साधारण १४ किलोबाइटच पाठवतो आणि पोच मिळेल तसतसे प्रमाण वाढवतो. साधे एचटीएमएल जसे येईल तसे ब्राउझर दाखवू लागतो. याउलट आजची बरीच पाने आधी रिकामा सांगाडा पाठवतात, मग जावास्क्रिप्टची मोठी फाइल, ती वाचून चालवण्याचा भार फोनच्या प्रोसेसरवर, आणि त्यानंतर मजकुरासाठी सर्व्हरकडे आणखी एक फेरी. वाचणाऱ्याला हवी असलेली चार वाक्ये या रांगेत सर्वांत शेवटी येतात.

मराठीच्या बाबतीत तर हा पाया अधिकच महत्त्वाचा आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधी प्रत्येक वृत्तपत्राचा फाँट वेगळा असे आणि तो उतरवून घेतल्याशिवाय अक्षर दिसत नसे. तो त्रास संपला, तरी मराठी वळणाचा ल आणि श यांना हिंदी वळणाच्या अक्षरांहून वेगळे क्रमांक नाहीत. पानाची भाषा मराठी आहे हे एचटीएमएलमध्ये नोंदवले, तर तशी सोय असलेला फाँट आपल्या वळणाची अक्षरे दाखवतो आणि दृष्टिहीन वाचकाच्या फोनलाही मराठी आवाज निवडता येतो. एका छोट्या नोंदीचे काम आहे, आणि ती गाळलेली मराठी पाने पाहून मला मनापासून वाईट वाटते.

म्हणून मावसबहिणीला मी एक सराव दिला. ब्राउझरमधली विकसकांची साधने उघडायची, नेटवर्कचा वेग मुद्दाम मंद करायचा, जावास्क्रिप्ट बंद करायची आणि पानातले काय शिल्लक राहते ते पाहायचे. प्रकल्पासाठी ती वाचनालयाच्या पुस्तकांची यादी वेबवर आणते आहे. यादी साध्या एचटीएमएलमध्ये आहे, शोधाची चौकट साध्या फॉर्मवर चालते आणि पहिले पान १४ किलोबाइटांत बसते. टाइप करता करता पुस्तकांची नावे सुचवायची असतील तर मात्र जावास्क्रिप्ट लागणार, आणि तेवढ्या कामासाठी तिने आता रिअ‍ॅक्ट शिकायला घेतले आहे.