रापी हातात यायला आठ महिने लागले

मी आणि माझा नवरा, दोघंही हिंजवडीत नोकरीला होतो. जानेवारी 2025 मध्ये दोघांनीही राजीनामे दिले आणि कोल्हापूरला, सुभाषनगरात त्याच्या घरी राहायला आलो. सासरी पिढ्यान्‌पिढ्यांचा चपलांचा धंदा, कातडं कापायच्या रापीवर चाललेला. सासऱ्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या. अजूनही रोज सकाळी दोघं पुढच्या खोलीत कामाला बसतात.

पुण्यात आमचा निर्णय ऐकून लोकांनी अभिनंदन केलं होतं. मनासारखं जगायला निघालात, हिंमत केलीत, असं कितीतरी जण म्हणाले. कोल्हापुरात सांगितलं तेव्हा मामा जेवत होते. त्यांचा हात ताटातच थांबला.

"रापी सुटावी म्हणून शिकीवलं तुला. आन् परत हितंच येतोस व्हय?"

एवढंच बोलून ते उठले आणि हात धुऊन बाहेर पायरीवर जाऊन बसले. त्या रात्री नवऱ्यानं मला शाळेतली गोष्ट सांगितली. दप्तराला कातड्याचा वास येतो म्हणून बाकावर शेजारी कुणी बसायचं नाही. लग्नाला पाच वर्षं झाली होती, तरी हे त्यानं कधी तोंडातून काढलं नव्हतं. मी कंटाळलेल्या नोकरीतून बाहेर पडत होते. तो ज्या कामासाठी लोकांनी नाक मुरडलं, त्याच कामाकडे परत चालला होता. आमच्या दोघांच्या निर्णयाला नाव एकच असलं तरी वजन सारखं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

पैशांचं आधी सांगते, कारण जो भेटतो तो पहिल्यांदा तेच विचारतो. ठरवल्यापासून सोडेपर्यंत आम्ही वर्षभर घेतलं. माझी नोकरीची सहा वर्षं झाली होती, नवऱ्याची चार वर्षं दोन महिने. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात, म्हणून त्यानं अजून दहा महिने काढले. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेला 26 नं भागायचं, 15 नं गुणायचं आणि मग नोकरीच्या वर्षांनी गुणायचं, असा तो हिशोब असतो. दहा महिने कसेबसे काढले, पण पुढे त्याच पैशांत कातडं आलं. कंपनीचा आरोग्य विमा शेवटच्या दिवशी संपतो, म्हणून आमची स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच काढली. मला थायरॉईड आहे. आधीपासूनच्या आजाराला विमा लागू व्हायला 36 महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. तो काळ जितक्या लवकर सुरू होईल तितकं बरं. पीएफला हात लावला नाही. दीड वर्षाचा घरखर्च वेगळ्या खात्यात ठेवला आणि वाकडचं भाड्याचं घर सोडलं.

कागदपत्रांचं फार काही नाही. छोट्या धंद्याची सरकारी 'उद्यम' नोंदणी आधारवर घरबसल्या होते आणि फुकट होते. मला एकानं त्याचे दोन हजार सांगितले होते, म्हणून मुद्दाम लिहिते. पंतप्रधान विश्वकर्मा योजनेच्या 18 व्यवसायांत चर्मकारही आहेत, पण एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. आम्ही मामांच्या नावानं अर्ज केला. प्रशिक्षण झालं, हत्यारांसाठी 15,000 रुपये आणि पाच टक्के व्याजानं एक लाखाचं कर्ज मिळालं. ज्यांनी उभा जन्म चपला शिवल्या, त्यांना कुणीतरी पहिल्यांदाच कारागीर म्हणून ओळखपत्र दिलं. मामांनी ते देवघरात ठेवलंय.

सुरुवातीला मामांनी नवऱ्याला कामाला बसूच दिलं नाही. फोटो काढ, हिशोब बघ, माल पोचव, पण कातडं कापायचं नाही. मला मात्र आत्यांनी दुसऱ्या आठवड्यातच चपलेवरच्या कातड्याच्या वेणीला बसवलं. वेणीचं काम घराघरांत बायकाच करतात. बकऱ्याच्या कातड्याच्या दोऱ्यासारख्या बारीक वाद्या कापायच्या, किंचित ओलसर ठेवायच्या, एक टोक पायाच्या अंगठ्यानं दाबून धरायचं आणि विणत जायचं. बघताना सोपं वाटतं. माझी वेणी दर तिसऱ्या-चौथ्या पेडाला सैल पडायची. आत्या तिच्यावरून नुसतं बोट फिरवायच्या आणि उसवायच्या. "झोपलीया बघ तुझी वेणी. उठली पायजे." त्या कधी रागावल्या नाहीत आणि एकदाही चांगली म्हणाल्या नाहीत. पहिले तीन महिने माझ्या हातचं एकही काम विकायला गेलं नाही. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या, कंबर धरली. पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की झोप लागायची. ती झोप मला पुण्यात पाच वर्षं लागली नव्हती.

हळूहळू मालही कळायला लागला. तळाला म्हशीचं कातडं, वेणीला बकऱ्याचं. बाभळीच्या साली आणि हिरड्याच्या पाण्यात मुरवलेलं कातडं पायाचा घाम पितं आणि वापरून पायाच्या आकाराचं होतं. शिवणसुद्धा कातड्याच्या वादीचीच, खिळा नाही. बाजारात रेक्झिनच्या पट्ट्याचा, यंत्रावर चिकटवलेला जोड 'कोल्हापुरी' म्हणून विकतात, ते बघून पोटात कालवतं. 2019 मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. पण दुकानात उभं राहिलेल्या गिऱ्हाइकाला फरक हातात देऊन दाखवावा लागतो. आम्ही तेच करायचं ठरवलं. प्रत्येक जोडाबरोबर तळाच्या कातड्याचा एक तुकडा देतो, वास घेऊन बघा म्हणून.

मग जून 2025 आला. मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं कोल्हापुरीसारखी चप्पल कोल्हापूरचं नाव न घेता दाखवली आणि देशभर गदारोळ झाला. आमचा फोन बंदच होईना. मुंबई, बेंगळुरू, कुठून कुठून ऑर्डरी आल्या. हुरूप येऊन नवऱ्यानं मामांना न विचारता साठ तळ घेऊन ठेवले. जागा नव्हती, म्हणून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून माळ्यावर टाकले.

कोल्हापूरचा जुलै आणि प्लॅस्टिकमध्ये बांधलेलं कातडं. पंधरा दिवसांनी पिशवी सोडली तर आत पांढरट हिरवी बुरशी, मखमलीसारखी, बोट लावलं की बोटाला येणारी. कुबट वास खोलीभर पसरला. आम्ही दोघं रात्री दोन वाजेपर्यंत एकेक तळ कोरड्या फडक्यानं पुसत बसलो होतो. मामा कधी उठून आले ते कळलं नाही. त्यांनी एक तळ उचलला, वाकवला, नाकाशी धरला आणि बाजूला टाकला. दुसरा उचलला, ठेवला. बोलत काहीच नव्हते. नवरा शेजारी सरकला आणि तसंच करायला लागला. वाकवला की कड तडकते तो गेला, वाकून परत सरळ होतो तो राहिला. पहाटेपर्यंत बावीस गेले, अडतीस राहिले. राहिलेले सावलीत पंख्याखाली वाळवून मग तेल पाजलं. ऑर्डरी घेतलेल्या सगळ्यांना मी फोन करून सांगितलं, दीड महिना उशीर होईल. सात जणांनी पैसे परत मागितले, ते दिले.

त्या दिवसांत मामांनी त्याला हाकललं नाही एवढंच. तो रोज शेजारी बसून बघायचा. गणपती झाल्यावर, सप्टेंबरात एका सकाळी त्यांनी स्वतःची रापी दगडावर घासली, मुठीकडून त्याच्यापुढं धरली आणि म्हणाले, "अंगठा मागं ठेव. कातडं तुझ्याकडं वढायचं न्हाई." कातडं फाटलं तरी त्या दिवशी ते गप्प राहिले.

त्याच महिन्यात 22 तारखेपासून अडीच हजारांपर्यंतच्या पादत्राणांचा जीएसटी पाच टक्क्यांवर आला. आमचा अठराशेचा जोड त्याआधी अठरा टक्क्यांत होता, त्यामुळे मोठाच फरक पडला. मामांची एकच अट आहे, दुकानदाराला उधारीवर माल द्यायचा नाही. आम्ही एकदा ती मोडली. त्या पंचवीस जोडांचे पैसे पाच महिने अडकले आणि शेवटी तुकड्या-तुकड्यांत आले. आता थेट गिऱ्हाइकालाच विकतो. पायाचं माप कागदावर काढून पाठवा म्हणतो आणि जोड मिळाला की एरंडेल कसं लावायचं तेही फोनवर सांगतो.

महिन्याचं दोघांचं मिळून उत्पन्न अजून माझ्या एकटीच्या जुन्या पगाराच्या निम्म्याला पोचलेलं नाही. बाजूला ठेवलेल्या पैशांतले चार महिन्यांचे शिल्लक आहेत, म्हणून यंदा पावसाच्या आधीच तळ कापून संपवायचे ठरवलंय. माळ्यावर लाकडी फळ्यांची मांडणी करून घेतली, हवा खेळती राहील अशी. नवऱ्याचा पट्टा अजून मामाच तपासतात. माझ्या वेण्यांमधल्या दहातल्या दोन-तीन आत्या अजूनही उसवतात.