धुम्मस केलेला तट, १५ मिलिमीटरच्या पटासाठी

दिवाळीत मातीचे किल्ले करून तयार झालेला हात १५ मिलिमीटर उंच सैनिकांच्या युद्धखेळाच्या पटासाठी चिनी तट करायला बसला, की आपसूक दगडाच्या खाचा कोरायला लागतो. छिन आणि झाओ या प्राचीन चिनी राज्यांत इ.स.पू. २६० मध्ये झालेल्या चांगपिंगच्या लढाईत ते शोभत नाही. फोटोतली विटांची चिनी भिंत बहुतांश मिंग काळातली, म्हणजे १३६८ नंतरची. त्याआधीच्या तटांचं मुख्य तंत्र वेगळं: दोन बाजूंना फळ्या, मध्ये सुमारे १० सेंटीमीटर मातीचा थर, वरून धुम्मसने ठोकून घट्ट करायचा, मग फळ्या वर. पटावर दिसायला हवेत ते हे आडवे थर.

१:१०० च्या मापात असा थर १ मिलिमीटरचा होतो आणि पहिल्याच रंगात बुजतो. थर ३ मिलिमीटरचे धरा. खोटं आहे, पण हातभर अंतरावरून खरं दिसतं.

एक तुकडा १६० मिलिमीटर लांब (सैनिक चिकटवलेल्या ४० मिलिमीटर रुंद ४ पट्ट्या बरोबर उभ्या राहतात), ६० उंच, तळाला ५० आणि माथ्याला ३० रुंद. गच्चीच्या उष्णतारोधनाला वापरतात तो २५ मिलिमीटरचा एक्सपीएस, म्हणजे दाट फोमची पाटी, घ्या. थर्माकोलचे दाणे सुटतात. दोन पाट्या घ्या, प्रत्येकीची बाहेरची बाजू तिरकी कापा (तळाला २५, माथ्याला १५) आणि मग चिकटवा. आधी चिकटवून नंतर कापलंत, तर तापलेली तार सुकलेल्या फेविकॉलच्या रेषेवर अडते आणि कापाला पायरी पडते. दोन फोमच्या मध्ये हवा जात नाही, त्यामुळे ठाण्यात जुलैत हा सांधा दोन-दोन दिवस ओला राहतो. पातळ हात द्या, आरपार ४ टूथपिक खुपसा आणि तुकडा हलवू नका.

रेषांसाठी हातावर भरवसा ठेवू नका. ३ मिलिमीटर सनबोर्डचे चौकोन रचा, वर रिकामं बॉलपेन टेपने आडवं बसवा, काचेवर तुकडा सरकवत रेघ ओढा. एक चौकोन वाढवा, पुढची रेघ. अशा १९. मग दर २५-३० मिलिमीटरला उभे सांधे, एकाखाली एक न येता, आणि टूथपिकने फळ्यांच्या दांड्यांची भोकं. माथ्याच्या कडा बोटाने दाबून थोड्या झिजवा.

लेपासाठी ४ चमचे वॉल पुट्टी, १ चमचा फेविकॉल आणि ताकाइतकं पातळ होईल एवढं पाणी. जाड झाला तर रेषा बुजतात आणि वाळताना तडे जातात. स्प्रेचा डबा थेट फोमवर मारू नका, त्यातलं सॉल्व्हंट फोम खातं.

रंगात गेरू नको. कोकणची लाल माती डोळ्यांत बसलेली असते, पण तिकडची लोएस, म्हणजे वाऱ्याने साचलेली बारीक माती, पिवळट. पिवडी, पांढरा आणि चिमूटभर काळा. वर पातळ तपकिरी पाणी, शेवटी कोरड्या ब्रशने फिकट पिवळा. वाशी खाडीची वाळू फुकट मिळते म्हणून पायथ्याला टाकू नका. तिच्यातलं मीठ दमट हवेत पाणी ओढतं आणि रंग फुगतो. तळाच्या एमडीएफ फळीला दोन्ही बाजूंनी रंग द्या, नाहीतर एका पावसात तो वाकतो.

वेशीवरचा मनोरा लाकडी, कौलं राखाडी. खोक्याच्या पुठ्ठ्याचा वरचा कागद ओला करून सोला, आतल्या नाळ्या हीच कौलं. छपराची टोकं वर वळवू नका, ती लकब नंतरची. भोवती भाताची खाचरंही नकोत. चांगपिंग ज्या शान्सी प्रांतात आहे, तिथे बाजरीसारखी धान्यं पिकायची. खाचरं दक्षिणेकडच्या छू राज्याच्या पटाला ठेवा.