आमची वाटचाल: एका इंचावर चाललेलं दुकान

आमचं शॉप छोटंसंच, लॉस एंजेलिसजवळ. मी, दोन पोरं, आणि हिशोबाला बायको (म्हणून अजून चालू आहे). काम एकच, फोर्डच्या जुन्या मस्टँग गाड्यांचं सस्पेन्शन. मी मूळचा कोल्हापूरचा, उद्यमनगरात लेथवर हात बसलेला, इथे आल्यावर दुसऱ्याच्या गॅरेजात ऑइल बदलत होतो आणि तिथे एक म्हातारं गिऱ्हाईक 1965 ची मस्टँग घेऊन यायचं, त्याच्या तोंडून केन माइल्स हे नाव पहिल्यांदा ऐकलं.

माइल्स इंग्लंडचा, फोर्डसाठी रेसच्या गाड्या बनवणाऱ्या कॅरोल शेल्बीकडे टेस्ट ड्रायव्हर. नुसता गाडी पळवणारा नव्हे, स्वतः पाना हातात घेणारा. फोर्डला मस्टँग रेसमध्ये जिंकलेली हवी होती, पण गाडी आतून फोर्डच्याच साध्या, स्वस्त फाल्कनच्या भावकीतली, दिसायला भारी आणि वळणात डोलणारी. शेल्बीने तिचीच जीटी350 केली, रेसच्या नियमात बसवायला मागची सीट काढली, 289 क्युबिक इंचाचं इंजिन 271 वरून 306 हॉर्सपॉवरवर नेलं, लोक तेवढंच सांगत बसतात. मला विचाराल तर खरी करामत पुढच्या चाकांची आहे. चाकाला वरून धरून ठेवणारा दांडा, म्हणजे वरचा कंट्रोल आर्म, तो जिथे बसतो ती भोकं एक इंच खाली पाडली, बस्स. आकडेमोड फोर्डचा इंजिनिअर क्लाऊस आर्निंगची, पण कागदावरचं ट्रॅकवर खरं होतंय का ते विलो स्प्रिंग्जच्या ट्रॅकवर गाडी तासून बघणाऱ्यांत माइल्स होता. गाडी एका अंगाला कलली तरी बाहेरचा टायर कडेवर न जाता रस्त्याला सपाट धरून राहतो, एवढा त्या इंचाचा फरक. फेब्रुवारी 1965 मध्ये टेक्सासच्या ग्रीन व्हॅलीला जीटी350 ची पहिली रेस माइल्सनेच मारली, चारही चाकं हवेत असलेला तो फोटो आमच्या काउंटरमागे आहे. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिव्हरसाइडच्या ट्रॅकवर फोर्डच्याच दुसऱ्या गाडीची टेस्ट घेताना गेला बिचारा.

आमची पहिली गाडी मीच बिघडवली. घाईत सेंटर पंचने खूण न मारता ड्रिल लावलं, बिट सरकलं, भोक अंडाकृती झालं, आर्म बसेना. वेल्डिंगने भरून, घासून, परत पाडलं, तीन दिवस गेले आणि पैसे निम्मेच घेतले. मग लेथवर बसून स्वतःच जाड पत्र्याचं टेम्प्लेट आणि ड्रिल सरळ धरणारं कडक बुश बनवलं, तेच आजही वापरतो, पोरांना त्याशिवाय ड्रिलला हात लावू देत नाही. आर्मच्या टोकाचा बॉल जॉइंट अडकतोय का ते मात्र मी स्वतः जॅक वरखाली करून बघतो.

1966 मध्येच शेल्बीकडे खर्च वाचवायला भोकं खाली पाडायचं काम बंद झालं, मला ते कधीच पटलं नाही. परवा तसलीच एक उशिराची जीटी350 आली, मालक म्हणाला ओरिजिनल आहे, भोकं पाडायची नाहीत. मी अर्धा तास समजावलं, फोटोपण दाखवला. शेवटी व्हील अलाइनमेंट करून दिली आणि बायकोने बिल हातात ठेवलं.