आमची वाटचाल : लाल विटेपासून राखेच्या विटेपर्यंत

मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्या घरच्या दोन भट्ट्या तापीकाठी लागायच्या. दिवाळी झाली की माती भिजायला पडायची आणि मृगाच्या आत शेवटची भट्टी उतरायची. भट्टी आठ-दहा दिवस धुमसायची. तेवढे दिवस धुणं घरातच वाळत घालायचं, नाहीतर पांढऱ्या धोतराला काळे ठिपके. अण्णा, म्हणजे माझे सासरे, धुराचा रंग बघून सांगायचे की कोणत्या कोपऱ्यात आच कमी पडतेय. मधल्या विटा झकास भाजायच्या, कडेच्या पिवळ्याच राहायच्या.

या धंद्याला बँक कधी लागलीच नाही. कोळसा उधारीवर यायचा, मजुरांना पोळ्याच्या सुमारास उचल द्यायची, ओळखीची गिऱ्हाइकं आगाऊ पैसे आणून द्यायची. सगळा हिशेब अण्णांच्या एका लाल वहीत. पावती नाही, ताळेबंद नाही. त्याचं काही अडलं नाही, आणि पुढे सगळं त्यावरच अडलं.

धूर कमी करायचा म्हणून आम्ही धंदा बदलला असं लिहिलं तर छान दिसेल. खरं कारण अवकाळी पाऊस. एका रात्रीत साठेक हजार कच्च्या विटांचा चिखल झाला, मजुरांची उचल फिटायची राहिली आणि कोळशाची उधारी डोक्यावर तशीच. त्या वर्षी ह्यांनी आणि मी ठरवलं की आता उघड्यावर माती थापायची नाही.

झिगझॅग भट्टीची चौकशी केली. त्यात विटा अशा रचतात की गरम हवा नागमोडी फिरत पुढच्या विटा तापवत जाते. कोळसा नीट जळतो, धूरही कमी. पण तिला पक्कं बांधकाम, चिमणी आणि रोज हजारोंनी कच्ची वीट लागते. हंगामाला तीन-चार लाख विटा पाडणाऱ्या आमच्यासारख्याला ती परवडणारी नव्हती. पुढे 22 फेब्रुवारी 2022 ला केंद्राची अधिसूचना आली आणि झिगझॅग, उभी भट्टी किंवा पाइपचा गॅस यांतलं काहीतरी करणं भट्टीवाल्यांना बंधनकारक झालं. तोवर आम्ही भट्टीच सोडली होती.

राख मात्र दाराशी होती. दीपनगरच्या औष्णिक केंद्राची राख, वेल्हाळ्याचा राखेचा बंधारा, उन्हाळ्यात घरात येणारी ती करडी धूळ, हे भुसावळकरांना सांगायला नको. ती वापरावी म्हणून सरकारी अधिसूचना 1999 पासून आहे. प्रदूषण मंडळांच्या 2016 च्या वर्गवारीत कोळशाची वीटभट्टी नारिंगी आणि राखेच्या विटांचा कारखाना पांढऱ्या, म्हणजे सगळ्यात कमी प्रदूषणाच्या वर्गात होता. वीट करडी, वर्ग पांढरा!

2018 मध्ये माझ्या नावाने पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात अर्ज केला. प्रकल्प 24 लाखांचा : विटा दाबायची हायड्रॉलिक प्रेस, माल कालवायचा पॅन मिक्सर, शेड, बोअर आणि थोडं खेळतं भांडवल. जमिनीची किंमत त्यात धरता येत नाही, ती आमची होतीच. ग्रामीण भागातल्या महिलेला 35 टक्के अनुदान, स्वतःचे 5 टक्के. म्हणजे आमचे 1 लाख 20 हजार, अनुदान 8 लाख 40 हजार. ऐकायला गोड. पण अनुदान हातात येत नाही. ते तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून पडून राहतं. तेवढ्या कर्जावर व्याज लागत नाही एवढंच. मग कारखाना चालू आहे का ते बघून ते कर्जात वळतं करतात.

पहिल्या बँकेने मागची तीन वर्षांची विवरणपत्रं मागितली. ह्यांनी लाल वही पुढे केली. साहेबांनी ती उघडलीसुद्धा नाही. वीस वर्षं ज्याने कोळशाचा पैसा न् पैसा फेडला, तो माणूस कागदावर नव्हताच. वर, सरकारी हमी योजनेत तारण लागत नाही असं छापलेलं असताना घर गहाण मागितलं. सात महिने तिथेच गेले. दुसऱ्या शाखेतल्या मॅनेजरबाई स्वतः जागेवर आल्या, राख कुठून येणार आणि वीट कोण घेणार हे विचारलं, आणि हमी योजनेतून प्रकरण मंजूर केलं.

एप्रिल 2019 मध्ये प्रेस चालू झाली आणि मे महिन्यात आम्ही तोंडावर आपटलो. राखेची वीट भाजायची नसते, तिला पाणी पाजून पिकवावी लागते. भुसावळच्या उन्हात सकाळी मारलेलं पाणी दहाच्या आत उडून जायचं. त्यात घाई केली. केंद्राच्या सायलोतल्या, म्हणजे कोठीतल्या, कोरड्या राखेचा बल्कर (बंद टँकर) मिळेना, म्हणून बंधाऱ्यातली जाड, ओलसर राख वापरली. बावीस हजार विटांचे कोपरे बोटाने झडत होते. ठेकेदाराने ट्रॉली परत पाठवली. अण्णांनी एक वीट उचलली, दुसरीवर वाजवली. खणखण आवाज आलाच नाही. काही बोलले नाहीत. त्या विटा आम्ही भरावात घातल्या.

तेव्हापासून आमच्याकडे बारदान झाकून दिवसातून तीनदा पाणी, आणि 21 दिवस झाल्याशिवाय गाडी भरायची नाही. प्रत्येक थप्पीवर खडूने तारीख असते. गिऱ्हाइकाने ती जरूर बघावी.

पण हे 21 दिवसच खरं महाग प्रकरण आहे. रोज सहा हजार विटा म्हणजे सव्वा लाख वीट कायम जमिनीवर उभी. विटेला चार रुपये खर्च धरला तर पाच लाख रुपये पाणी पीत पडलेले असतात. माल गेल्यावर ठेकेदाराचे पैसे दोन-तीन महिन्यांनी येतात. घरकुलवाल्यांचे त्यांचा हप्ता आला की येतात, ते बिचारे तरी काय करणार! राख आणि सिमेंटला मात्र रोख लागते. यंत्राला कर्ज देणारे बरेच भेटतात, या थांबलेल्या विटेला कोणी देत नाही. मी माझे दोन दागिने 2020 च्या लॉकडाउनमध्ये त्यासाठीच गहाण ठेवले.

कार्बन डायऑक्साइड कमी सोडला की त्याचे पैसे मिळतात, त्या कार्बनच्या पैशाचंही प्रशिक्षणात ऐकलं होतं. विशाखापट्टणमच्या इको कार्बनने 2006 साली जागतिक बँकेच्या कार्बन निधीशी करार करून राख, चुना आणि जिप्समच्या विटा करणाऱ्या लहान कारखान्यांची मोट बांधली होती. मी घरी हिशेब मांडला. आमच्या भट्टीला लाख विटांना 22 टन कोळसा लागायचा, म्हणजे विटेमागे साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. आताच्या विटेत कोळसा शून्य, पण आठ टक्के सिमेंट आहे आणि ते काही हवेतून येत नाही. त्याचे दीडशे ग्रॅम तरी धरावेत. 'प्रदूषणमुक्त वीट' असं आम्ही पाटीवर लिहीत नाही ते म्हणून. वर्षाला दहा लाख विटांमागे दोनशे टनांच्या आत-बाहेर वाचतात. एवढ्याशा टनांसाठी मोजणारा आणि तपासणारा बोलवायचा तर त्याचंच बिल मोठं होईल. मोट बांधणारा कोणी आमच्या भागात अजून आलेला नाही.

गवंड्यांचं मन वळवायला दोन वर्षं गेली. "ताई, हिच्यावर प्लास्टर धरत नाही," हे ठरलेलं वाक्य. लाल विटेसारखी ही हौदात भिजत घालायची नाही, नुसता शिपका मारायचा, हे मी बांधकामावर उभी राहून दाखवायचे. सगळ्या विटा एका मापाच्या, त्यामुळे सिमेंट-वाळूचा माल कमी लागतो हे त्यांना हातानेच कळलं.

2022 मध्ये अनुदान कर्जात वळतं झालं. पुढच्या वर्षी कॅश क्रेडिटसाठी, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जासाठी, मी पुन्हा बँकेत गेले. नवीन साहेबांनी तेच विचारलं, तीन वर्षांचे ताळेबंद आहेत का? मी फाइल टेबलावर ठेवली. दहा मागितले होते, आठ लाख मंजूर झाले. दागिने त्याच आठवड्यात सोडवले.